जांभळ्या शाईतला अभिप्राय

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात की माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आता बसला. माझा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तरीही लिहितेय, कारण जे घडलं ते मी पाहिलंय आणि ते दडवून ठेवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

माझं घर धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे देवपुरात. लहानपणी इतर पोरं कागदाच्या होड्या करायची, मी पत्रकांच्या घड्या घालायचे. माझे पप्पा शिक्षक होते, आणि शाळा सुटली की बुवाबाजी, अंगात येणं, भानामती या सगळ्याविरुद्ध पत्रकं काढायचे. 'जाहीर सवाल', 'खुलं आव्हान' असे मथळे मला बाराखडीच्या आधी ओळखता येत होते. मोठी झाल्यावर मीही तेच करू लागले. सध्या जळगावात एका डीटीपीच्या दुकानात काम करते आणि दर शनिवारी दुपारी असोद्याच्या रस्त्याने बस धरून एका गावात जाते. अशा लेखात ठिकाण नेमकं सांगायची पद्धत आहे, पण गावाचं नाव मी देणार नाही. का, ते पुढे कळेलच.

त्या गावात आमची फिरती पेटी आहे. पत्र्याची पेटी, आत साठेक पुस्तकं, कुलूप एक, चावी एकच आणि ती माझ्याकडे. दर शनिवारी तीन वाजता कमलअक्कांच्या ओट्यावर पेटी उघडते. शेतातून, केळीच्या बागांमधून बायका येतात, पुस्तकं बदलतात. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी एक कोरा कागद स्टेपल केलाय. वर लिहिलंय 'वाचकांचे अभिप्राय'. पेटीला दोरीने एक निळं बॉलपेन बांधलेलं आहे. नाव लिहायची सक्ती नाही, म्हणून बायका मोकळेपणाने लिहितात.

गेल्या वर्षी कोणीतरी पेटीत एक अनुवादित कादंबरी टाकली. हिरव्या कव्हरची. त्यात एक चेटकीण आहे आणि तिचा परीलोकातला प्रियकर... उंच, टोकदार कानांचा, शर्टाची बटणं कायम उघडी. अर्ध्याहून जास्त पानांवर दोघं एकमेकांच्या मिठीत. बायका तिला नुसतं 'हिरवं पुस्तक' म्हणायच्या. तीन महिन्यांत अभिप्रायाचा कागद भरला, मला दुसरा जोडावा लागला. काही अभिप्राय जसेच्या तसे देते -

'पान ११२. पंखा वाढवला.'

'आमच्याकडे बारा वर्षांत एवढं बोलणं झालं नाही जेवढं हा एका पानात बोलतो.'

'कान टोकदार नसले तरी चालतील. ऐकणारे पाहिजेत.'

'शुद्धलेखन बरे. मजकूर आक्षेपार्ह. दोनदा वाचले.' हे अक्षर निवृत्त बाईंचं, सगळ्यांनी ओळखलं.

मी ती कादंबरी एका बैठकीत वाचली आणि माझं डोकं फिरलं. आपल्याच भागात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात, तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. आणि इथे चेटकीण म्हणजे काय, तर रेशमी झगा आणि ओठांवर ओठ! मी त्या कागदावर अर्धं पान भरून लिहिलं. शेवटची ओळ होती, 'हे पुस्तक पेटीतून काढून टाकलं पाहिजे.' खाली माझं पूर्ण नाव. पेटीला कुलूप लावलं, ती अक्कांच्या मधल्या खोलीत ठेवली आणि चावी घेऊन जळगावला आले.

पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर कुलूप मीच उघडलं. हिरवं पुस्तक हातात घेतलं, मागचं पान उलटलं... माझ्या मजकुराखाली जांभळ्या शाईत एक ओळ होती. अक्षर मोठं, सुटं सुटं, चौथीतल्या मुलीसारखं.

'बाई, पुस्तक काढू नको. यामा तिले कोणी मारत नही.'

मी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"म्या त नाही बा," अक्का म्हणाल्या. "माह्याकडं निळा पेनच धड चालत नाही, जांभळा कुठून आनू?"

"अक्का, पेटी कोणी उघडली होती?"

"चावी तुह्याजोळ, कुलूप तुह्यं, आन चोर आम्ही?" अक्कांनी डोळे मोठे केले. "आमाले पुस्तक वाचाचं आसन त मांगून घेऊ. पेटी कायले फोडू?"

"तो टोकदार कानवाला आला असंल रातच्याला," ज्योती नावाची पोरगी म्हणाली आणि सगळा ओटा हसला.

एक जण हसली नाही. मंदा. (हे तिचं खरं नाव नाही.) ती धुळ्याकडची, लग्न होऊन तीन वर्षांपूर्वी इथे आलेली. आमच्या त्या गावात बायका 'हाये' म्हणतात, ती 'शे' म्हणते. ओट्याच्या टोकाला, चपलांजवळ बसायची. तिच्या दिराचं तान्हं बाळ पावसाळ्यात आजारी पडलं. दवाखान्यात नेलं, बरं झालं, पण तोवर तिची सासू एका बाहेरच्या बाबाकडे जाऊन आली होती आणि बाबाने 'घरातलीच नजर' असं सांगितलं होतं. तेव्हापासून घरात कुजबुज सुरू झाली. अजून ती त्यांच्या गल्लीच्या बाहेर गेली नव्हती. हे सगळं अक्कांच्या बोलण्यातून कानावर आलेलं; मला स्वतःला एवढंच दिसलं होतं की शनिवारी मंदा आणलेला चहा पुढे करायची आणि दोन शेजारणी 'आत्ताच पिऊन आले' म्हणायच्या.

ती ओळ मंदाच्याच अहिराणीत होती - यात त्या चेटकिणीला कोणी मारत नाही - आणि त्या एका ओळीने मला सगळं कळलं असं वाटलं. परत निघताना मी तिला बाजूला घेतलं.

"मंदाताई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"नही ताई, मी नही लिखं."

"घाबरू नका. मी आहे."

"मी नही लिखं," ती पुन्हा म्हणाली. "माले फक्त पुस्तक द्या. मना नंबर कवय येई?"

मी मनात म्हटलं, घाबरलीये. पेटी कशी उघडली असेल ते बघू नंतर. मी त्या कागदाचा फोनवर फोटो काढला, पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि तिला म्हटलं, "तुमचा नंबर पुढच्या शनिवारी, नक्की." त्या आठवड्यात दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून मी पत्रक तयार केलं. मथळा - 'डाकीण शोधणाऱ्यांना जाहीर सवाल!' खाली ठळक टाइपात मंदाचं नाव, गाव, तिच्या सासूचं नाव, त्या बाबाचं नाव आणि मधोमध चौकटीत ती ओळ. पाचशे प्रती. मला आठवतंय, छपाई झाल्यावर मी एक प्रत हुंगली होती. ताज्या शाईचा वास मला लहानपणापासून आवडतो.

मंदाला मी विचारलं नव्हतं. अन्याय झालाय तर त्याविरुद्ध बोलायला परवानगी कसली, असं माझं मत होतं.

पत्रकं शनिवारी गावातच वाटायची होती. त्याआधी शुक्रवारी रजा काढून गठ्ठा आणि ते हिरवं पुस्तक घेऊन मी देवपूरला गेले. पप्पांना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती.

सकाळचे साडेदहा-अकरा वाजले असतील. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आई पोळ्या लाटत होती. वातावरणनिर्मिती म्हणावी असं काहीच नव्हतं. पप्पांनी पत्रक वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.  मग म्हणाले, "मूळ कागद बघू."

मी पुस्तक दिलं. त्यांनी मागचं पान उघडलं.

"यातली दुसरी ओळ पत्रकात का नाही घेतलीस?"

"दुसरी? एकच ओळ आहे पप्पा."

त्यांनी पुस्तक माझ्यासमोर धरलं. पहिल्या ओळीखाली, त्याच अक्षरात, त्याच जांभळ्या शाईत -

'आते तरी नाव छापू नको.'

मी फोन काढला. शनिवारचा फोटो उघडला. फोटोत एकच ओळ होती, तिच्याखाली कोरा कागद. पुस्तक आठवडाभर माझ्या पर्समध्ये होतं. पर्स माझ्या खांद्याला, रात्री माझ्या उशाशी. मी एकटी राहते. मंदा तर सोडाच, कोणाचाच हात त्याला लागला नव्हता.

 सभेत कोणी दगड मारला तरी पप्पा बोलत राहायचे. त्या दिवशी ते उठले, स्टूल घेतलं, माळ्यावरचं जुनं पाकीट काढलं आणि त्यातून एक पिवळं पडलेलं पत्रक माझ्यासमोर ठेवलं. मथळा माझाच होता. म्हणजे... शब्दन् शब्द तोच. 'डाकीण शोधणाऱ्यांना जाहीर सवाल!' मी तो कुठून उचलला होता हे मलाच माहीत नव्हतं. मथळ्याखाली ठळक टाइपात एक नाव असणार, पण ते वाचता येत नव्हतं. कोणीतरी त्यावर पेनाने इतक्या रेघा मारल्या होत्या की कागद फाटायला आला होता. शाई जांभळी.

"तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे," पप्पा म्हणाले. "सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत एक गाव. तिथल्या एका बाईला गल्लीतले चार लोक डाकीण म्हणायचे. मी पत्रक काढलं. नाव, गाव, सगळं. बाजारात वाटलं, बसस्टँडवर वाटलं. मला वाटलं गावाला लाज वाटेल."

"मग?"

"गल्लीतल्या चार लोकांना माहीत होतं, ते चार गावांना माहीत झालं. तिला दळण कोणी दळून देईना. एक दिवस ती इथे आली, हे पत्रक घेऊन. म्हणाली, 'भाऊ, मनं नाव कसाले छापं?' मी प्रुफं तपासत बसलो होतो. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि..." त्यांनी त्या रेघांकडे बोट केलं. "मी तेव्हा जांभळी शाई वापरायचो."

आई लाटणं घेऊन दारात येऊन उभी होती. तिने पुस्तक उचललं, पहिली ओळ वाचली आणि तिथेच खाली बसली.

"हे वाक्य मी ऐकलंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. ती दोन दिवस राहिली होती आपल्याकडे. चौथी शिकलेली. मी तिला दिवाळी अंक दिला वाचायला, त्यातली एक प्रेमकथा तिने पुन्हा पुन्हा वाचली. मी म्हटलं, एवढं काय आहे गं त्यात? तर म्हणाली, यामा तिले कोणी मारत नही."  "तिसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली. कुठे गेली, कोणालाच कळलं नाही. अजून कळलेलं नाही."

"तू हिला कधीतरी सांगितलं असशील," पप्पा म्हणाले. "लहानपणी. तेच हिच्या डोक्यात राहिलं असेल."

"मी कोणाला सांगणार? तुमच्या पत्रकांना नावं ठेवायची सोय होती का या घरात?"

 पिवळं पत्रक परत पाकिटात ठेवत पप्पा मला म्हणाले, "शाई, अक्षर, सगळ्याचं काहीतरी कारण निघेल. ते तू शोध. पण तिने मला विचारलेला प्रश्न... त्याला शाई लागत नाही." आणि मग, "तुझं पत्रक आहे. तू ठरव."

त्या दुपारी आम्ही बापलेक ओसरीत बसून पाचशे पत्रकं फाडली. जन्मभर आम्ही पत्रकांच्या घड्या घालत आलो होतो, फाडायची पहिलीच वेळ. नावाची ओळ आधी फाडायची, मग बाकीचं.

शनिवारी मी मंदाला हिरवं पुस्तक दिलं आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

तिने कव्हरवरून हात फिरवला. मग म्हणाली, "पेटी एक दिन मना ओटावर उघडा. बठ्ठ्या या. मना हातना चहा प्या. सासूना समोर."

"सगळ्यांनी येऊन चहा प्यायचा, बस एवढंच?"

"एवढंच कोणी करत नही, ताई."

मी अक्कांना सांगितलं. बाकी काही नाही, एवढंच की पुढची पेटी मंदाच्या ओट्यावर.  त्यांना सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. पुढच्या शनिवारी सगळ्यात आधी त्याच पोचल्या. मंदाची सासू दारात हाताची घडी घालून उभी. मंदाने ट्रे पुढे केला.  त्या दोन शेजारणी जमिनीकडे बघत होत्या.

अक्कांनी कप उचलला, एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कमी हाये वं माय. दुसरा दे." मग सासूकडे वळून म्हणाल्या, "तूही ये ना खाली बस. उभ्यानं काय पहारा करू राह्यली?"

निवृत्त बाईंनी घेतला. ज्योतीने दोन घेतले. शेवटी त्या शेजारणींनीही. सासू बसली नाही, पण आतून साखरेचा डबा तिनेच आणून ठेवला. आता पेटी दर शनिवारी तिथेच उघडते. कुजबुज पूर्ण थांबलीये असं मी म्हणणार नाही. पण ती गल्लीबाहेर गेली नाही.

त्या दिवशी पेटी बंद करताना मंदाने हिरवं पुस्तक परत केलं. वाचून झालं होतं. मी मागचं पान उघडलं. मंदाने निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'पान ११२ बठ्ठास्नी वाचानं.' आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, उरलेल्या एका बोटाच्या जागेत, जांभळ्या शाईत -

'शेवट बरा शे.'

त्यानंतर काही नाही.

मी शोधलं. पेटीचं कुलूप एका ओळखीच्या कारागिराला दाखवलं. बिजागऱ्या जुन्या, स्क्रू कधी फिरवलेले नाहीत. मंदाचं अक्षर, अक्कांचं अक्षर, माझं स्वतःचं अक्षर, झोपेत लिहितात म्हणून, तेही ताडून पाहिलं. जुळत नाही. शाई तपासून घ्या असं एकाने सुचवलं, पण त्यासाठी कागदाचा तुकडा कापावा लागतो म्हणे, आणि तो कागद कापायला माझा हात होत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. भूत होतं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. कोणाला पटणारं कारण सापडलं तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

फक्त एक विनंती. गाव कुठलं, मंदा कोण, सोनगीरच्या पुढची ती बाई कोण, हे विचारू नका. पहिल्या दोन गोष्टी मी सांगणार नाही. तिसरी मलाही माहीत नाही. घरातल्या बाकीच्या प्रती आईने केव्हाच जाळल्या, उरलेल्या एकीवर त्या रेघा आहेत. नाव आठवणारी माणसं दोनच, आई आणि पप्पा. ती दोघं सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.