पोरांसमोर हेल्मेट काढायचं नाही

कूलरच्या टाकीत क्षार साचतात ना, तसे आमच्याकडे किस्से साचलेत. दर उन्हाळ्यात खरवडावेत, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर! आमचं ‘नभोयान नऊ’ हे बालनाट्य नागपुरात बावीस वर्षं चाललं. दर मे महिन्यात नवा भाग, नवा ग्रह, आणि कॅप्टन मात्र तोच. लिहायचो मी, बसवायचोही मीच. कॅप्टन म्हणजे मधू, एरवी पोस्टात काउंटरवर बसणारा. मंगळाची राणी सुषमा. आणि खलनायक गजानन, सावनेरचा शाळामास्तर. मित्र जमले की मी हे सगळं हसत हसतच सांगतो. मधूचे काही किस्से मात्र तितके हसून सांगता येत नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवतो.

*

पहिल्या भागाचा प्रयोग संपला आणि मधू चंदेरी पोशाखातच मागच्या टपरीवर गेला. हेल्मेट काखेत, हातात तर्री-पोहे. तर्री जहाल होती. डोळ्यांत पाणी, नाक गळतंय, आणि तेवढ्यात धरमपेठेतल्या एक बाई मुलीला घेऊन तिथूनच निघाल्या. मुलीनं त्याला पाहिलं आणि रस्त्यावरच भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी बाई तालमीला हजर!

“अहो, पोरगी कालपासून जेवून नाही राहिली. म्हणते, कॅप्टनला तिखट झोंबते, तो राक्षसाशी काय लढणार!”

त्याच दिवशी मी नियम केला: पोरांसमोर हेल्मेट काढायचं नाही. जाहिरातीत चेहरा नाही, पत्रकावर नाव नाही, नुसतं ‘कॅप्टन’. तेव्हा मला ही फार मोठी अक्कल वाटली होती.

*

हेल्मेट म्हणजे पाण्याचा मोठा कॅन कापून, चंदेरी रंग मारून, पुढे काळं प्लास्टिक लावलेलं. मे महिन्यात त्याच्या आत माणूस शिजायचाच.

पाचव्या भागाचा प्रयोग सावनेरला होता, भर दुपारी मंडपात. लाइट गेली, कूलर बंद पडले. शेवटची लढाई सुरू झाली आणि खलनायकाने हात लावायच्या आतच कॅप्टन धाडकन आडवा! मधूला खरोखर चक्कर आली होती. पोरांना वाटलं गुरुत्वाकर्षण. टाळ्या!

आता गजाननची पंचाईत. मरायचं होतं त्यानं, आणि बसला जिंकून. क्षणभर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तलवार फेकली, गरजला, “जा कॅप्टन! आज तुले माफ केलं!” आणि मधूला खांद्यावर टाकून आत घेऊन आला.

पुढच्या वर्षी सावनेरची सगळी पोरं खलनायकाच्या बाजूनं ओरडत होती. त्या दिवशी आत नेऊन मधूच्या तोंडावर पाणी मारलं, तेव्हा शुद्धीवर येताच त्यानं पहिला प्रश्न विचारला, “हेल्मेट पोरांसमोर तं नाही ना काढलं?”

*

सुषमाचा चेहरा हिरवा रंगवलेला असायचा, पण निदान दिसायचा. तिला मुंबईत मालिका मिळाली, सासूची. पहिल्याच दिवशी मुलगा घर सोडून जातो असा सीन होता. सुषमा त्याला अडवायला धावली, पण आमच्या सवयीनं, अंतराळात धावतात तशी. एकेक पाऊल उचलून, हात तरंगवत!

दिग्दर्शक म्हणाला, “मॅडम, तुम्ही पाण्यात आहात का?”

“नाही सर,” ही म्हणाली, “मंगळावर!”

तरी तिचं नाव झालं. मसाल्याच्या जाहिराती मिळाल्या, आता फीत कापायला बोलावतात. पोरगी गुणाची. तिनंच मग मधूसाठी शब्द टाकला.

*

मधू मुंबईला गेला. सोबत फोटोंचा अल्बम. मालिकेसाठी नट निवडणाऱ्या माणसानं सगळा अल्बम उलटून पाहिला.

“यात तुम्ही कोणते?”

“सगळ्यात मीच.”

“चेहरा कुठाय?”

“आमच्याकडे नियम आहे,” मधू म्हणाला.

तो माणूस खूप हसला, पण मग त्यानं मधूकडून एक उतारा वाचून घेतला आणि हसायचा थांबला. मोठ्या भावाची भूमिका दिली, वर्षभराचं काम. शूटिंग मे महिन्यात सुरू होणार होतं, नेमकं आमच्या नव्या भागाच्या वेळी. मधूनं मला तिथूनच फोन केला.

“काय करू गा?”

मी म्हणालो, “थिएटर बुक झालंय, मधू.”

“काहून, दुसरा कोणी नाही चालन?”

“नाही,” मी म्हणालो.

खरं तर त्या हेल्मेटच्या आत कोणीही चाललं असतं. त्याचा आवाज टेप करून ठेवता आला असता. मी स्वतः उभा राहिलो असतो, आमची उंचीही सारखीच. पण हा एकदा गेला की परत येणार नाही, याची मला भीती वाटली. मधू परत आला. त्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि माफी मागायचं धाडस मला झालं नाही. याची मला आजही लाज वाटते.

*

एकदा मात्र त्याला गंभीर नाटक मिळालं. स्पर्धेत, बापाची भूमिका, स्वतःच्या चेहऱ्यानं! मधू महिनाभर आरशासमोर बसला होता. पडदा उघडला, मधू आला, आणि नुसतं “दार उघड” म्हणाला.

मागच्या रांगेतल्या चार-पाच पोरांनी आवाज ओळखला. आमचं यान उडताना मोजायची तशी सुरूच झाली, “दहा! नऊ! आठ!”

बिचारा शून्य होईपर्यंत थांबला. मग पुढचं वाक्य घेतलं.

परीक्षकांनी शेरा दिला: अभिनय चांगला, पण सुरुवातीला विनाकारण फार लांब विराम.

*

यंदा मेमध्ये आम्ही शेवटचा भाग केला. मीच ठरवलं, यावेळी मधूनं सगळ्यांसमोर हेल्मेट काढायचं आणि मी त्याचं नाव सांगायचं. एवढं तरी आपल्या हातून व्हावं. मधू रिटायर झालाय आता. सकाळी केस काळे करून आला.

“चांगला दिसून राहिलो ना गा?” तीनदा विचारलं.

हॉल भरलेला. पूर्वीची पोरं आपापली पोरं घेऊन आली होती. प्रयोग संपला. मी विंगेतल्या माइकवरून त्याचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. मधूनं हेल्मेट काढलं. आई-बाप उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, तोच पहिल्या रांगेत एक पाचेक वर्षांचा मुलगा खुर्चीवर चढला.

“हे आजोबा कोण आहेत? कॅप्टन कुठे गेले?” आणि तो रडायलाच लागला.

टाळ्या थांबल्या. मधू स्टेजच्या कडेला आला, गुडघ्यावर बसला.

“मी त्यायचा ड्रायव्हर आहे बेटा. ते आतच आहेत. थांब, बोलावून आणतो.”

तो विंगेत आला. मी म्हणालो, “मधू, राहू दे.” पण त्यानं हेल्मेट चढवलंही होतं. मान माझ्यापुढे केली.

“पट्टा आवळ गा लवकर,” तो म्हणाला. “पोरगं रडून राहिलं.”