बोंबलाची राखण

मंजुळा तामोरे यंदा निवृत्त झाली. निरोप समारंभात तिला कोणी दीपस्तंभ म्हणालं, कोणी रणरागिणी. मी अर्ध्यातून उठले. पालघरच्या कॉलेजात मी तिला समाजशास्त्र शिकवलं आहे. ती माणूस आहे, आणि माणसासारखं तिचंही एक चुकलं. ते तिथे कोणी काढलं नाही, म्हणून मी लिहिते. तिला विचारूनच लिहिते.

तारापूरकडच्या एका मच्छीमार गावातली ही मुलगी. बापाची बोट, आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. शिकून एका आरोग्यसंस्थेत लागली. कारखान्यांच्या वाऱ्याखालच्या गावांत फिरून खोकला, दमा, डोळ्यांची आग यांच्या तक्रारी गोळा करायच्या आणि सरकारी कार्यालयांत जाऊन भांडायचं, हे तिचं काम. एकदा तिच्या आईनेच तिला अडवलं. "खोकला लिवतेस तो लिव. पन एकदम सुटला वायू, तर पलाचं कुठं?"

पुढची सगळी नोकरी मंजुळाने या प्रश्नावर काढली. भोंगा वाजला की कुठल्या गल्लीने कुठल्या वाटेने निघायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, टेम्पो कुणाचा, याची गावागावाची योजना तिने बसवली. त्यासाठी साहेबांच्या दारात ताटकळली, अपमान गिळले. तिच्या गावात पहिली रंगीत तालीम झाली ती थंडीत. भोंगा वाजला. साहेब घड्याळ धरून उभे. गावातून बाहेर आली ती शाळेची पोरं आणि चार म्हातारे. बायका एक नाही.

मंजुळा तणतणत किनाऱ्यावर गेली. बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली बायका निवांत.

"भोंगा ऐकला नाय काय?"

"ऐकला ना," चिमी म्हणाली. ही तिची चुलती, जिभेची तिखट. "तुजा सायेब येल काय कावले हाकलाला? वरीसभराचं खानं हाय ह्या. कुत्र्यांना घालून जाव?"

"जीव गेला तर खाणार कोण?"

"जीव जाल तवा जाल. बोंबील आताच जातीन, मंजे."

बायका हसल्या. मंजुळाही हसली. तिथेच बसून तिने तोड काढली: प्रत्येक गल्लीने एक माणूस राखणीला मागे ठेवायचं, बाकी सगळ्यांनी निघायचं. पुढच्या तालमीत गाव झटक्यात रिकामं झालं. राखणीचं कलम योजनेत गेलं, शेजारच्या गावांनी उचललं, मुंबईच्या परिषदेत त्यावर टाळ्या पडल्या. लोकांचं ऐकून केलेलं धोरण, असं सगळे म्हणाले. खोटं नव्हतं ते.

राखणीला कोण बसणार, हे मात्र कलमात नव्हतं. सुरुवातीला घराघराने पाळी लावली. पण पाळी कोणाला हवी असते? हळूहळू ते काम मोसमात मजुरीला येणाऱ्या डोंगराकडच्या बायकांवर गेलं. मासळी फाडायला, टांगायला त्या येतात, किनाऱ्यावरच झोपडीत राहतात. गावच्या शिरगणतीत त्या नाहीत, टेम्पोतही त्यांची जागा धरलेली नाही. मंजुळा दर हिवाळ्यात त्यांच्याशेजारून जात होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एका कारखान्याच्या टाकीतून वायू सुटला. वारा जमिनीकडून समुद्राकडे. भोंगा वाजला आणि गाव शिकवल्यासारखं निघालं. एकही गावकरी दगावला नाही. राखणीच्या बायकांमधल्या बाकीच्या पाण्याकडे पळाल्या. मनोरकडची ठमी जागची हलली नाही. तिला मासळीच्या मालकिणीने सांगितलं होतं, हलायचं नाही.

ठमी वाचली, फुप्फुसं गेली. मंजुळा तिच्या उपचारांसाठी जेवढं धावायचं तेवढं धावली. मग तिला घरी भेटायला गेली, तेव्हा मला सोबत नेलं. ठमी ओट्यावर बसली होती. मंजुळा म्हणाली, "ठमी, तो नियम मी केलेला. माझं चुकलं."

ठमीने ते नीट ऐकूनच घेतलं नाही. तिला दुसरंच बोलायचं होतं. "बाय, बोंबलाच्या टायमाला शेठानीला सांगशील ना? आता उचलाचं काम नाय होत. राखन करीन. बसून होतं ता."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "कलम काढायलाच हवं." ती म्हणाली, "बाई, ते मला कळतं. तुम्ही जरा गप्प बसा." मला असं बोलणारी ती एकटीच.

पुढच्या बैठकीत तिने स्वतःच्याच कलमाविरुद्ध ठराव मांडला. साहेब गोंधळले. बायका भडकल्या.

"मग राखनीला कोन रव्हल?" चिमीने विचारलं.

"कोणी नाही. भोंगा वाजला की सगळ्यांनी निघायचं, मजूर धरून."

"नि बोंबील?"

"जातील."

"तुजी आय असती तर तुला घरात घेतली नसती."

"नसतीच घेतली," मंजुळा म्हणाली, आणि बसली नाही, सही होईपर्यंत उभी राहिली. कलम गेलं. मजुरांची नावं टेम्पोंच्या यादीत आली.

ठमीला ते सांगायला आम्ही पुन्हा गेलो. राखणीचं काम आता राहिलं नाही, हे मंजुळाने आडवळण न घेता सांगितलं.

"म्हंजे मी येव नको?"

"नको."

ठमीने दम घेतला. मग आत बघून नवऱ्याला म्हणाली, "रामू, यंदा जमनाला घेऊन जा कामाला." जमना त्यांची पोरगी, आश्रमशाळेत नववीला, सुट्टीला घरी आलेली.

मंजुळा घाईने म्हणाली, "तिची शाळा नको सोडवू. शाळेचं काय लागेल ते मी बघते."

"साळेत कई लागत नाय, बाय," ठमी म्हणाली. "घरात लागतं."

 मला तिथे बसवेना, म्हणून मी उठून रस्त्यावर जाऊन थांबले. परतीची एक गाडी गेली, दुसरी गेली. मंजुळा ओट्यावरून उठली नाही. आत रामू पोरीचे कपडे पिशवीत भरत होता.