चोरखमाऱ्यातला बांगडा

भुतंखेतं, करणी, अंगात येणं… यातलं मी काहीच मानलं नाही. सरकारी नर्स म्हणून आयुष्य गेलं, उलट लोकांचे अंगारे-धुपारे सोडवले. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतो.

माझं माहेर मालवणजवळ. नोकरीमुळे इकडे गोंदियाकडे, चोरखमारा तलावाच्या काठच्या गावात आले, लग्नही इकडेच झालं. मूलबाळ नाही. हे गेल्यावर इथेच राहिले. माणसं जीव लावतात, पण संध्याकाळी दिवा लावला की बोलायला घरात कोणी नसतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी पारबता दारात आली. तिचा नवरा तलावात जाळं टाकतो, ती घरोघरी मासे विकते. घमेल्यात रोजचे रोहू-कतला, आणि बाजूला पाण्याच्या डब्यात एक वेगळाच मासा.

"बाई, हा कोनता मासा होय जी? आत्ताच जाळ्यात आला. आमच्यात कोनी वयखत नाई."

मी वाकून पाहिलं. निळी-हिरवी पाठ, काळसर ठिपक्यांची रांग, चंदेरी पोट… बांगडा! समुद्रातला. जिवंत. कल्ले हलत होते.

मी त्याला ओंजळीत घेतलं. त्यानं शेपटी आपटली, पाणी ओठांवर उडालं — खारट! आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "खयसून इलंस रे बाबा? इतक्या लांब?"

मालवणी. आई गेल्यापासून ती भाषा मी मोठ्यानं बोललेच नव्हते. मग बोलतच सुटले… आमची वाडी, किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून ओढायची रापण, आईची हाक. त्याचे कल्ले थांबले, तो हातातच शांत झाला.

"बाई, तुमी रडून काऊन राहिल्या?" पारबता घाबरली होती.

दुपारी मी तलावावर जाऊन पाणी चाखलं. गोडंच. मत्स्यविभागातले एक ओळखीचे साहेब म्हणाले, "गोंदियाच्या बाजारातला कोणीतरी फेकला असेल." पण बाजारात येतो तो बर्फातला, मेलेला. माझ्या हातात हा फडफडला होता. पारबतानंही पाहिलंय.

तो मी खाल्ला नाही. अंगणात पुरला.

पारबता आता दारात आली की घमेलं खाली ठेवायच्या आधीच सांगते, "नाई जी बाई, आजबी तुमच्या गावचा कोनी आला नाई." आणि मग जरा वेळ बसते.