आमिनाबाईंचं देवीचं कार्ड

“ही बाई कोण?” हसन यांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवून विचारलं.

“तुमच्या मिसेस,” मी म्हणालो.

“माझ्या मिसेसचं नाव हे नाही.”

मिसेस त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. मी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

मी तेव्हा पौडच्या सरकारी दवाखान्यात व्हॅक्सिनेटर होतो. मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर फिरून देवीची लस टोचायची, हे माझं काम. लोक मला डॉक्टर म्हणत आणि मीही तो मान बिनतक्रार घेत असे. हसन मलायाचे. त्यांचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि सरकारनं त्यांना आंबेमोहर भाताची लागवड पाहायला इकडे पाठवलं होतं. सोबत पत्नी आमिना. आता दोघं परत निघाली होती. बोटीवर चढायला देवी टोचल्याचं इंटरनॅशनल सर्टिफिकेट लागे. त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही, तर बंदरावरचा हेल्थ ऑफिसर माघारी पाठवी. बोट चार दिवसांवर आली होती. पुढची थेट दोन महिन्यांनी.

बाईंच्या पासपोर्टवर होतं, आमिना बिंती युसुफ. नवऱ्याच्या, हसन बिन उमर. मला वाटलं, कुणा आळशी कारकुनानं बाईंचं माहेरचं नाव तसंच ठेवून दिलंय. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. मी आपल्या रीतीनं दुरुस्ती केली: आमिना हसन उमर. स्वतःचं, नवऱ्याचं, मग आडनाव. मला कुणी सांगितलं होतं का? नाही.

“उमर माझे वडील,” हसन म्हणाले. “आमच्यात आडनाव नसतं. बिन म्हणजे मुलगा, बिंती म्हणजे मुलगी. शब्द अरबी. धर्माबरोबर आले, आमची नावंही बहुतेक तशीच आली. हिच्या पणजीचं मात्र जुनं, मेलाती. फुलाचं नाव.”

“म्हणजे आमची मालती!” मी खुशीत येऊन म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. तोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “लग्न झालं म्हणून वडील बदलतात? माझे वडील मला घ्यायला धक्क्यावर येणार आहेत. तुम्ही त्यांना का काढून टाकलंत?”

खरं सांगतो, शरम वाटली.

खाडाखोड केली तर सर्टिफिकेट रद्द. कार्ड घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

“देशमाने, बाईंचं परस्पर बारसं केलंत?”

खाली सही त्यांचीच होती. पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

“कोरं कार्ड एकच उरलंय,” डॉक्टर म्हणाले. “हे बिघडलं तर पुण्याच्या ऑफिसात अर्ज करा आणि बसा वाट बघत. बोट काही थांबायची नाही.”

सुंदर अक्षराची मिजास मी त्या दिवशी बाजूला ठेवली. हसन एकेक अक्षर सांगत होते, मी लिहीत होतो. दवाखान्यातली आया येसूबाई झाडू टाकून बघायला आली. काय झालंय ते मी तिला सांगितलं.

“म्हंजी लगीन झालं तरी बापाचं नाव ऱ्हातं?” ती म्हणाली. “लई ब्येस हाय की! मी म्हायेरी गंगू हुते. सासरी आले न् येसू झाले. बापाचं नाव गेलं, माजंबी गेलं.”

हे मी हसनना सांगितलं, त्यांनी बाईंना. बाईंनी येसूबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “गंगू.”

“आगं बया!” येसूबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

कार्ड बिनचूक उतरलं, शिक्का बसला, बोट मिळाली. धक्क्यावर सासरे हजर होते, असं पुढे हसन यांचं पत्रही आलं.

महिन्याभरानं दवाखान्यातल्या सगळ्यांना पुन्हा लस टोचायची होती. येसूबाईनं दंड पुढे केला.

“लिवा, गंगू म्हादू शेडगे.”

“येसूबाई, मस्टरवर तुझं नाव वेगळं आहे.”

“मस्टर सरकारचं. दंड माजा हाय.”

मी लिहिलं. संध्याकाळी डॉक्टरांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. “ही गंगू कोण?”

“आपली येसूबाई. महादू शेडग्यांची मुलगी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

तेव्हापासून मी नाव आधी विचारतो, मग लिहितो. वेळ जास्त जातो, पण कार्डं कमी लागतात.