मागच्या सीटवरचे भाऊ

परीक्षणासाठी आलेली नवी कोरी गाडी ऑफिसच्या फाटकातून आत शिरली, की आमच्या वर्तमानपत्रातली निम्मी माणसं कामं टाकून खाली धावायची आणि स्टिअरिंगपुढच्या सीटसाठी नंबर लावायची. भाऊ मात्र सावकाश जिना उतरून यायचे, मागचं दार उघडायचे, चपला बाहेर काढून ठेवायचे आणि मागच्या सीटवर मांडी घालून डोळे मिटायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ ध्यानाला बसलेत. गाडी चालवून बघायची घाई त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत नसे. तेवढ्यात कुणीतरी उत्साहाच्या भरात गाडी पुढे घेई आणि भाऊंच्या चपला तिथेच मागे राहत.

भाऊ आमच्या शनिवारच्या पुरवणीत गाड्यांवर लिहायचे आणि ती पुरवणी माझ्या गळ्यात होती. त्यामुळे त्यांच्या कॉपीची वाट बघत बसणं हा माझा शुक्रवारचा नित्यनेम. ऑफिसात रुजू झाले तेव्हा मला वाटलं होतं, गाड्यांवर लिहिणारा माणूस म्हणजे गॉगल, जॅकेट आणि वेगाच्या गप्पा. प्रत्यक्षात निघाले इस्त्री न केलेला बुशशर्ट आणि खिशात आवळासुपारीची डबी असलेले भाऊ. एक दिवस न राहवून मी विचारलंच, "भाऊ, तुम्ही आधी मागं काहून बसता?"

"अवं वर्षा, चालवणारा एक रायते, बसणारे चार," भाऊ म्हणाले. "चालवणाऱ्याची वकिली करणारे ढीगभर आहेत. मी त्या चौघायचा पत्रकार आहो."

त्यांना यंत्रातलं कळत नव्हतं असं कुणी समजू नये. त्यांनी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला होता आणि बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं ओळखायचे. पण लेखात इंजिनाची ताकद शेवटच्या ओळीत, किमतीच्या शेजारी, उरकल्यासारखी यायची. "घोडे किती ते कंपनीवाले फुकटात सांगतेत," ते म्हणायचे. "बसणाऱ्याचे गुडघे कुठं टेकतेत, ते कोन सांगंन?" 'दमदार' आणि 'रुबाबदार' हे दोन शब्द त्यांच्या कॉपीत मला कधी सापडले नाहीत. एकदा मीच शीर्षकात 'दमदार' घातला, तर त्यांनी तीन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

भाऊंच्या चाचण्या कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. सगळ्यात गाजलेली चाचणी होती तर्रीची, म्हणजे रश्श्यावरच्या लालभडक तवंगाची. वहिनी, म्हणजे भाऊंच्या सौभाग्यवती, सावजी रस्सा करायच्या. तो पातेलीत काठोकाठ भरून, वर झाकण न ठेवता, मागच्या सीटवर ठेवायचा आणि गाडी इतवारी बाजाराच्या गल्ल्यांतून न्यायची. हातगाड्या, टेम्पो, मध्येच आडवं आलेलं पोतं, अचानक दाबावा लागणारा ब्रेक, हे सगळं त्यात आलंच. "रस्सा हिंदकळला तं चालते," असा भाऊंचा निकष होता. "तर्री काठाच्या बाहेर आली, तं गाडी नापास." एकदा गाडीबरोबर कंपनीचा एक तरुण अधिकारी आला होता, पुण्याचा, टाय वगैरे लावलेला. पातेली बघून त्याचा चेहराच उतरला. "सर, सीट क्रीम कलरची आहे," तो कळवळून म्हणाला.

"म्हणून तं," भाऊ म्हणाले. "नागपूरचे लोकं क्रीम कलरच्या सीटवर काय उपाशी बसणार आहेत का?"

ती गाडी पास झाली. निकाल लागेपर्यंत त्या अधिकाऱ्याने पातेलीवरची नजर हलवली नाही आणि नंतर त्याच रश्शाबरोबर तीन भाकरी खाल्ल्या. उन्हाळ्यातली चाचणी याहून साधी होती. गाडी भर दुपारी उघड्यावर तापत ठेवायची, मग एसी लावून भाऊंनी मागे बसायचं. त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेणं थांबवेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच बघायचं. चालवणाऱ्याला थंडी वाजायला लागली आणि मागे पेपर अजून हलतोच आहे, अशा गाड्यांची भाऊंनी जी हजेरी घेतली, ती वाचून मीसुद्धा संपादकांकडे कॉपी पाठवताना दोनदा पाणी प्यायले आहे.

पण खरी पंचाईत व्हायची गाडी परत करताना. भाऊंच्या घरी दोन दिवस मुक्काम केलेली गाडी वहिनी तशीच जाऊ द्यायच्या नाहीत. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांना हळदीची बोटं आणि डॅशबोर्डवर नारळ, तांदूळ आणि खण. कंपनीचा माणूस गयावया करायचा, "अहो ताई, ही गाडी विकत घेतलेली नाही, परत जायची आहे."

"परत जाणार आहे म्हणूनच तं," वहिनी म्हणायच्या. "पाहुणी दोन दिस दारात राहिली. ओटी भरल्याबिगर कशी धाडू?"

ओटीचे तांदूळ एसीच्या जाळीत जायचे. एका कंपनीने तक्रार केली, की आमची गाडी नागपूरहून आल्यापासून ब्लोअर लावला की चालकाच्या अंगावर अक्षता उडतात. भाऊंनी ती तक्रार हसत हसत घरी वाचून दाखवली. वहिनींना त्यात तक्रार कुठे आहे तेच कळलं नाही.

आता ज्या गाडीपायी सगळं घडलं, तिच्याबद्दल. तिचं नाव सांगत नाही, कारण आता ती बनतही नाही. तीन रांगांची, सात माणसांची, भली मोठी गाडी होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेण्यासाठी अर्ध्या नागपुराचा डोळा तिच्यावर होता, आणि तिच्या विक्रेत्याने दसऱ्याच्या अंकाचं पहिलं पान जाहिरातीसाठी आधीच धरून ठेवलं होतं. नवरात्र सुरू होतं. भाऊ गाडी घेऊन घरच्यांना कोराडीच्या देवीला घेऊन गेले. मधल्या रांगेत वहिनी, त्यांचा भाऊ आणि भावजय, आणि ऐसपैस बसायला मिळतं म्हणून शेवटच्या रांगेत पूजेची टोपली मांडीवर घेऊन भाऊंच्या सासूबाई. चालवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भाऊ त्या दिवशी पहिल्यापासून पुढे बसले.

कोराडीला पोचल्यावर गाडी झाडाखाली लावली, सगळे उतरले, गाडी लॉक केली आणि दर्शनाच्या रांगेकडे निघाले. गर्दी, घंटा, हार विकणाऱ्यांचा गलका. रांग निम्मी सरकल्यावर वहिनींनी विचारलं, "टोपली कोनाकडं आहे?" आणि मग सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. टोपली आईकडे होती आणि आई गाडीत.

भाऊ धावले. त्या वयात, त्या गर्दीतून, अनवाणी. शेवटच्या रांगेची काच उघडत नव्हती, डिक्कीच्या दाराला आतून दांडीच नव्हती आणि मधली सीट बाहेरून दुमडल्याशिवाय बाहेर पडायला वाट नव्हती. सासूबाई घामाने निथळत, पदराने वारा घेत बसल्या होत्या. नैवेद्याचे पेढे त्यांनी संपवले होते. "देवीले समजते," त्या म्हणाल्या. "कालपासून उपास आहे माहा. आवाज देऊन राहिली, तं काचेतून कोन ऐकते?" भावजयीला हसू आवरेना, आणि मग सगळेच हसले. भाऊ हसले नाहीत. सासूबाईंचा हात धरून त्यांना खाली उतरवताना ते वहिनींना एवढंच म्हणाले, "मी आज पुढं बसलो ना, म्हणून झालं हे."

शुक्रवारी कॉपी आली. गाडीचं कौतुक भरपूर होतं. इंजिन शांत, गिअर मऊ, तर्री जागच्या जागी. आणि शेवटून दुसरा परिच्छेद असा: "तिसऱ्या रांगेतल्या माणसाला स्वतःहून उतरता येत नाही. आधी पुढच्यांनी उतरायला हवं, मग त्यांनी सीट दुमडायला हवी, आणि त्याही आधी मागे कुणीतरी बसलेलं आहे हे त्यांना आठवायला हवं. आमच्या घरी नाही आठवलं."

जाहिरात विभागाच्या साहेबांनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं, आणि पुरवणीची म्हणून मलाही. साहेब माणूस वाईट नव्हते, पण दसऱ्याचं पहिलं पान त्यांच्या मानेवर बसलेलं होतं. "भाऊ, एवढा एक परिच्छेद काढून टाका. बाकी लेख झकास आहे."

"बाकीचं सगळं खोडा," भाऊ म्हणाले. "इंजिन शांत आहे, ते खोडा. गिअर मऊ आहे, ते खोडा. मले काही वाटणार नाही. हे खोडता येत नाही."

"काहून?"

"हे मी लिहिलंच नाही, साहेब. सासूबाई आतून ओरडून राहिल्या होत्या, ते आहे हे. तेव्हा कोनाले ऐकू आलं नाही. आता तरी येऊ द्या."

साहेबांनी शेवटचं सांगितलं: परिच्छेद राहिला तर लेख जाणार नाही, आणि हा लेख नाही गेला तर कॉलमही बंद. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेल्या माणसाकडे त्या कॉलमखेरीज दुसरं काही नव्हतं. ऑफिसात त्यांची ओळख ती, मोहल्ल्यात ओळख ती, गाड्या दारात यायच्या त्याच्याच जोरावर. मला साहेबांचा राग आला आणि त्याहून जास्त भाऊंचा आला. पण भाऊंनी कॉपी घडी करून बुशशर्टच्या खिशात ठेवली आणि चहा प्यायला खाली गेले. त्यांच्या जागी मला शनिवारी उपासाच्या थालीपिठाची कृती छापावी लागली.

कॉलम बंद झाला तो झालाच. भाऊंना इतवारीतले धान्याचे भाव दिले. तिथेही ते विकत घेणाऱ्याच्या बाजूने बसले आणि कुठल्या दुकानातली तूर शिजायला जीव खाते हेही लिहायला लागले, म्हणून व्यापाऱ्यांची शिष्टमंडळं येऊ लागली. पुढे निवृत्त होऊन ते नंदनवन वस्तीतल्या घरी बसले. भाऊ गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. मी हल्ली मोबाइलवर गाड्यांची परीक्षणं बघते. बोलणारे हुशार आहेत, कॅमेरे झकास आहेत, पण गाडीच्या मागच्या दाराने आत शिरणारा अजून कुणी दिसला नाही, आणि तेव्हा मला भाऊंची फार आठवण येते. त्यातही तो थालीपिठाचा शनिवार.

त्या दिवशी सकाळपासून भाऊंच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. "भाऊ, थालीपीठ वाचलं, गाडी कुठं आहे?" भाऊंनी खिशातून घडी काढली, चष्मा लावला आणि शीर्षकापासून स्वतःच्या नावापर्यंत अख्खा लेख खणखणीत आवाजात वाचून दाखवला. परिच्छेद बदलला की "नवीन परिच्छेद" असंही सांगितलं. फोन ठेवला, तोच दुसरा. पुन्हा पहिल्यापासून. एका बाईंनी कूलरची टाकी डिक्कीत बसेल का, असं मध्येच विचारलं, तर त्यांना टाकी मोजायला पाठवून भाऊंनी तेवढ्यात दुसऱ्याला निम्मा लेख ऐकवला. साहेब केबिनमधून बाहेर आले. "भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही?"

"छापून कुठं राहिलो, साहेब? बोलून राहिलो."

साहेबांनी आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दाराला काच होती, पण आवाज तिच्यातून आरामात आत जात असावा.

संध्याकाळपर्यंत भाऊंचा आवाज पार बसला. मी गरम पाणी आणून दिलं, ते त्यांनी दोन फोनच्या मधल्या वेळात घोटघोट प्यायलं. मी निघायच्या तयारीत होते, तेव्हा पुन्हा घंटा वाजली. भाऊंनी फोन उचलला, पण तोंडातून नुसती हवा आली. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

कोराडीच्या कॉलनीतून एक म्हातारे गृहस्थ बोलत होते, वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आवाज अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी ऐकू नये असा. त्यांच्या मुलाने तीच गाडी ठरवली होती, उद्या बुकिंग. "माह्या दोस्तानं सांगतलं, भाऊ फोनवर तिसऱ्या रांगेचं वाचून राहिले. सात जणं आहो आम्ही घरी. तिथं कोन बसणार, मॅडम? मीच ना?"

"मुलाला सांगा ना काका," मी म्हटलं.

"मी सांगतलं तं त्याले वाटंन, बुढा कुरकुर करून राहिला. पेपरवाल्यानं सांगतलं तं ऐकंन. थांबा, त्याले बोलावतो, फोन स्पीकरवर टाकतो. तुम्ही मी विचारलं म्हणून नका सांगू."

भाऊंनी रिसीव्हरला कान लावून सगळं ऐकलं होतं. त्यांनी घामाने मऊ झालेला तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "हळू वाच," ते कसंबसं पुटपुटले. "दम घेऊन."

मी वाचलं. आधी पुढच्यांनी उतरायला हवं. मग त्यांनी सीट दुमडायला हवी. त्याही आधी मागे कुणीतरी बसलेलं आहे हे त्यांना आठवायला हवं. आमच्या घरी नाही आठवलं.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग एका तरुण माणसाचा आवाज आला, "मॅडम, एवढंच पुन्हा एकदा वाचता का?"