कुरडया आणि कोमट भिंत

आईच्या कुरडया मी क्रिप्टोच्या मशीनवर वाळवल्या.

मशीन चाकणच्या मित्राचं. त्याच्या शेडमध्ये अशी मशीनं थप्पी लावून पडली होती, सगळी मेलेली. रात्रंदिवस आकडेमोड करून डिजिटल नाणं मिळवायचं, एवढंच त्यांना येतं. जास्त वेगाचं मॉडेल आलं की जुनं नुसतीच वीज खातं, आणि दुसऱ्या कशाच्याच कामाचं राहत नाही. हे सगळं मित्रानंच सांगितलं. तरी मी त्यातल्या त्यात धुगधुगी असलेलं एक उचललं.

"भावा, वेगळी लाइन ओढून घे," तो म्हणाला.

"बघू," मी म्हटलं. आणि पुनावळ्याच्या फ्लॅटवर आणून साध्या सॉकेटात खोचलं.

पंखे असे घोंघावायचे की शेजाऱ्यांनी विचारलं, "राव, गिरणी टाकलीत का?" मशीनची गरम हवा जायची त्या खिडकीबाहेरची कढीपत्त्याची कुंडी करपून गेली. मी म्हटलं, ऊन वाढलंय.

मग अवकाळी पाऊस आला. आईनं गच्चीवरच्या ओल्या कुरडया खाली आणल्या. "दे इकडे," मी म्हटलं, "एवढी ऊब फुकट चाललीय."

"फुकट?" बायको म्हणाली. "बाहेर मीटर बघितलाय का?"

मशीनपुढे दोन खुर्च्यांवर जुनी साडी ताणून कुरडया पसरल्या. कडकडीत वाळल्या! मी नातेवाइकांना फोटोही पाठवले. तळल्यावर मात्र जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी म्हटलं, तेल जुनं असेल.

भिंतीपलीकडे आईचा पलंग. "भिंत छान कोमट लागते रे," ती म्हणायची, "पाठीला शेक बसतो." मी खूश. मशीन त्या भिंतीपासून चांगलं लांब होतं, भिंतीवर फक्त सॉकेट होतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

एका दुपारी ती दचकून उठली. "चटका बसला."

मी हात फिरवला. सगळी भिंत गार, मधूनच एक गरम पट्टा सरळ छताकडे गेलेला. आत वायर जाते तसाच. पलीकडच्या खोलीत धावत जाऊन, खुर्च्यांवरून सॉकेटापर्यंत लोंबत राहिलेली साडी बाजूला केली. प्लग सॉकेटात वितळून एकजीव झाला होता आणि त्याला टेकलेला साडीचा काठ काळा पडला होता.

मेन बंद केला. पंखे थांबले. त्या शांततेत भिंतीच्या आत काहीतरी बारीक तडतडत राहिलं.

आई उशी छातीशी धरून दारात उभी होती.

"वाळवायला कुरडया दिल्या होत्या रे मूर्खा," ती म्हणाली, "मी नव्हते."