आमच्या पैशाचं घोडं

बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या घोडेस्वारांची स्पर्धा होणार ही बातमी आप्पांनी पेपरात वाचली आणि माझ्या घरातली शांतता गेली. आप्पा म्हणजे माझे वडील. राहतात बेळगुंदीला, पण भांडायला टिळकवाडीत माझ्याकडे येतात, कारण गावात त्यांचं ऐकून घेणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही.

"घोड्यास्नी तबेला सरकारचा, वैरण सरकारची, डाक्टर सरकारचा. आनि करत्यात काय? तर उड्या!" पेपर आपटत ते म्हणाले. "उड्याच मारायच्या तर आमच्या रस्त्यावनं या म्हणावं. खड्ड्यांचा खर्च बी न्हाय."

मला हसू आलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूची आहे.

मी शाळेत शिकवते. स्पर्धेचे पास शाळेत आले होते, त्यातले तीन आप्पांनी मागून घेतले. एक स्वतःला आणि दोन गावातल्या दोस्तांना. "आमचा पैसा कुठं जातोय ते आमी बघणार. काडेपेटी घेतली तरी जीएसटी भरतोय मी. एखादा नाल तरी माझा असंलच. आनि शेवटाला साहेबाला तोंडावर इचारणार, हे बंद कवा करणार?"

मुख्याध्यापिका माझ्या शेजारी बसणार होत्या. मी हात जोडले. आप्पा म्हणाले, "त्यास्नीबी घे की संगं. त्याबी टॅक्स भरत्यात."

इथे आमच्या गावच्या बेंदराबद्दल, म्हणजे बैलांच्या सणाबद्दल, सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेंदराच्या संध्याकाळी वेशीत आडवी दोरी बांधतात, तिला पिंपळाची पानं खोवतात, आणि सजवलेले बैल तिच्यावर सोडतात. जो बैल दोरी तोडेल तो त्या वर्षीचा मानकरी. वाजतगाजत घरी येतो, बायका ओवाळतात. आमच्या खिलारी बैलानं हा मान कितीदा तरी आणला. मग शेतात ट्रॅक्टर आला, बैलाला काम उरलं नाही आणि आप्पांनी तो विकला. त्यानंतर दर बेंदराला आप्पांना बेळगावात काहीतरी तातडीचं काम निघतं. माझ्याकडे येतात, पुरणपोळी खातात, आणि कामाचं नाव काढत नाहीत.

स्पर्धा सुरू झाली. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे उभे होते. पहिला घोडा आला आणि सगळ्या दांड्यांवरून अलगद गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बाकावर तिघेही हाताची घडी घालून बसले होते.

"दांडी तर तशीच ऱ्हायली," आप्पा म्हणाले.

"भ्यालंय ते," एक दोस्त म्हणाला.

दुसरा घोडा, तिसरा घोडा, तेच. आप्पांनी जांभई दिली. खर्च वाया गेल्याची त्यांची खात्री पटत चालली होती.

मग कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक तपकिरी घोडा आला. स्वार कोवळा होता, मिसरूड नुकतंच फुटलेला. घोड्यानं पहिलीच दांडी खाली पाडली. दुसरी पाडली. तिसरीला तर छातीच दिली, अख्खा अडथळा आडवा झाला. मैदान चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत आमचा बाक उठून उभा राहिला.

"तोडली रं, तोडली!" आप्पा ओरडले. एकानं शिट्टी घातली, दुसऱ्यानं फेटा उडवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुख्याध्यापिकाही टाळ्या वाजवू लागल्या. शेतकरी माणसांना जनावरातलं जास्त कळतं, असा त्यांचा समज होता.

"आप्पा, दांडी पाडायची नसते! पाडली की गुण जातात."

आप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग बांधत्यात कशाला?"

स्पर्धा संपताच ते साहेबाकडे निघाले. वाटेत मंडपाच्या खांबावरची झेंडूची माळ त्यांनी काढली आणि थेट त्या तपकिरी घोड्याच्या गळ्यात घातली. घोडा लगेच ती खाऊ लागला. स्वाराचे डोळे लाल होते. साहेब मात्र मनमोकळे हसत पुढे आले. दुभाषी अर्थातच मी.

"साहेब, ह्या उड्यांवर आमचा पैसा का म्हणून उधळताय?"

"आप्पांना घोडे फार आवडले," मी हिंदीत सांगितलं.

साहेब खूष झाले. पण हा घोडा शेवटचा आला, म्हणाले. वय झालंय, गुडघा दुखतो, आजची त्याची शेवटची संधी होती. आता तो संघातून जाणार. जो उडी मारत नाही त्याला पोसायचं कसं? लोकांचा पैसा आहे, लोक जाब विचारतात.

हे मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. माझा सूडच होता तो. आता खूष व्हा, असं मी म्हणणारही होते, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबले.

"जाणार मंजी कुठं?"

"बघू, कुणीतरी घेईल," साहेब म्हणाले.

आप्पा घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. घोड्याच्या तोंडातून झेंडूच्या पाकळ्या गळत होत्या.

"माझा बैल नेणाराबी असाच कुनीतरी हुता," ते म्हणाले. "परत कवा दिसला न्हाय. साहेब, माझ्याकडं पैसा न्हवता म्हणून मी इकला. तुमच्याकडं माझा हाय न्हवं?"

मला रडू आवरेना. तरी तसंच सांगितलं, एकही शब्द न बदलता. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी स्वाराकडे पाहिलं, मग घोड्याकडे. नव्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं असतं, ते म्हणाले, त्याला उडी लागत नाही. राहू दे इथंच. स्वारानं मान खाली घातली आणि बाहीनं नाक पुसलं.

आप्पांना हे हिंदी माझ्याशिवायच कळलं. निघताना ते पुन्हा वळले.

"आनि वैरण चांगली घाला, साहेब. पैशाकडं बघू नका. आमी भरतोय."